वऱ्हाडात अक्षरे किती?

आमच्या एका सरांकडे बुटांच्या अकरा खोक्यांत कार्डे आहेत. प्रत्येक कार्डावर एक वऱ्हाडी शब्द, त्याचा अर्थ, तो कोणत्या गावी आणि कुणाच्या तोंडून ऐकला याची नोंद, आणि जमेल तिथे त्याचा वापर दाखवणारे एखादे वाक्य. हे चाळीस वर्षांचे काम. सर निवृत्त झाले तेव्हा खोकी महाविद्यालयातून घरी आली. पुढे घर बदलताना दोन खोक्यांना वाळवी लागलेली दिसली, आणि त्याच संध्याकाळी सरांनी मला फोन केला. 'तुला ते कॉम्प्युटरचं येते ना पोरी? मग हे सारं त्याच्यात टाकून दे.'

'ते' मला थोडेफार येत होते. पीएच.डी.च्या काळात शब्दसूची हाताने करायचा कंटाळा आला म्हणून प्रोग्रामिंग शिकले होते, आणि एकदा शिकल्यावर ते सुटले नाही. सरांची मागणीही साधी होती. शब्द टाकता यावा, शोधता यावा, वर्णानुक्रमाने पाहता यावा, छापता यावा. अट एकच होती आणि तीच भारी पडली: हे सरांच्या जुन्या विंडोज संगणकावर चालायला हवे, माझ्या लिनक्सवर, कार्डे टंकून द्यायला तयार झालेल्या विद्यार्थ्यांच्या अँड्रॉइड फोनांवर आणि परदेशी असलेल्या सरांच्या मुलीच्या मॅकवरही. मग ते लिहावे कोणत्या भाषेत? या एका प्रश्नात माझी दोन वर्षे गेली. ती गेली याचे मला फारसे दुःख नाही. हा प्रश्न अभियंत्यांचा आहे असे समजून आपण, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी, तो सोडून दिला आहे याचे मात्र आहे.

भाषांच्या निवडीवर चर्चा कमी होते असे नाही. ज्ञानेश्वर थोर की तुकाराम या वादात जेवढी शाई सांडते तेवढीच तिथेही सांडते. कोणती भाषा वेगवान, कोणती नेटकी, कोणतीत नोकऱ्या अधिक, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. त्यातला एकही निकष माझ्या कामाचा नव्हता. सरांची कार्डे जगातल्या सर्वात संथ भाषेतही पापणी लवण्याच्या आत शोधून झाली असती.

सुरुवात अर्थात जावापासून केली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली ही भाषा आणली ती 'एकदा लिहा, कुठेही चालवा' या घोषणेनिशी. कल्पना सुंदर होती. प्रोग्रामचे रूपांतर एका मधल्या सांकेतिक भाषेत करायचे आणि प्रत्येक संगणकावर एक दुभाष्या बसवायचा. तो ती मधली भाषा तिथल्या यंत्राला समजावून सांगेल. अडचण आली ती पडद्यावरच्या गोष्टींत. जावाच्या पहिल्या खिडक्या त्या त्या संगणकाची स्वतःची बटणे उसनी घेत, त्यामुळे सगळीकडे असलेली तेवढीच सोय तिला वापरता येई. पुढे तिने आपली बटणे आपणच रंगवायला घेतली. मग ती सगळीकडे सारखी दिसू लागली आणि कुठेच घरची वाटेनाशी झाली. बोलींच्या अभ्यासकाला ही गोष्ट नव्याने सांगायला नको. प्रमाणभाषा घडते तेव्हा हेच होते: आधी सर्वांना समान असलेले तेवढे उचलले जाते आणि नंतर त्याला एक असा चेहरा दिला जातो, जो कुठल्याच गावचा नसतो.

आणि ही घोषणा तरी शांतपणे नांदली का? मायक्रोसॉफ्टने आपल्या जावात अशी भर घातली की तिच्या आधाराने लिहिलेले प्रोग्राम विंडोजपुरतेच राहतील. त्यावरून सनने १९९७ साली दावा लावला, तो २००१ मध्ये तडजोडीने मिटला. फोन आले तेव्हा तर कळसच झाला. ॲपलने एप्रिल २०१० मध्ये आपल्या फोनसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना अट घातली, की प्रोग्राम मुळातच काही ठरावीक भाषांत लिहिलेला असला पाहिजे. दुसऱ्या भाषेत लिहून त्यांत आणलेला चालणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात ती अट सैल झाली. पण 'मुळात' या शब्दाकडे अनुवादाच्या अभ्यासकांनी जरा थांबून पाहावे. कलाकृती कोणत्या भाषेत प्रथम सुचली यावर तिला दारात घ्यायचे की नाही ते ठरवणारा असा प्रकाशक आपल्याकडे अजून निपजलेला नाही.

तर जावा. सरांच्या संगणकावर आधी तो दुभाष्या बसवायचा, आणि विद्यार्थ्यांच्या फोनसाठी खिडक्यांचा सगळा भाग पुन्हा वेगळा लिहायचा, असे दिसल्यावर मी ती सोडली. माझा एक जुना विद्यार्थी आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने दोन पर्याय सुचवले. एकात प्रत्येक प्रोग्राम आपल्यासोबत अख्खा ब्राउझर घेऊन फिरतो. शंभराहून अधिक मेगाबाइटचे बिऱ्हाड, तेही शब्दांच्या यादीसाठी, आणि फोनवर पुन्हा नाहीच. दुसरा पर्याय गूगलचा, डार्ट ही भाषा आणि फ्लटर हा तिचा संच. फोन आणि संगणक दोन्हींवर तो चालतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण तो एका कंपनीचा. फ्लॅशवर उभे केलेले असंख्य शैक्षणिक खेळ आणि धडे २०२० अखेर फ्लॅश बंद झाल्यावर मुके झाले, हे आपण पाहिले आहे. सरांची कार्डे वाळवीतून काढून तिथे ठेवण्याचे मला धैर्य झाले नाही.

मग पायथन. ही भाषा मला आधीपासून येत होती, ती वाचायला सोपी आहे आणि तिच्यामागे एकच कंपनी नाही. पंधरा दिवसांत काम झाले. माझ्या संगणकावर शब्द टाकता येऊ लागले, शोधता येऊ लागले. फाइल आणि प्रोग्राम घेऊन मी सरांकडे गेले. त्यांच्या विंडोजवर तो पहिल्याच ओळीत अडला. पहिल्या ओळीत शीर्षक होते आणि शीर्षकाचा पहिला शब्द होता 'वऱ्हाडी'.

कारण असे निघाले. मी फाइल युनिकोडमध्ये साठवली होती, पण ती उघडताना तसे सांगायला विसरले होते. न सांगितल्यास पायथन संगणकाला विचारत असे, की बाबा, तुझ्याकडची रीत काय? लिनक्सने उत्तर दिले युनिकोड. सरांच्या विंडोजने उत्तर दिले ते पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेल्या एका जुन्या तक्त्याचे. त्या तक्त्यात दोनशे छप्पन्न जागा, आणि त्यांतल्या काही रिकाम्या. देवनागरीचा हलन्त तीन तुकड्यांत साठवला जातो आणि त्याचा शेवटचा तुकडा नेमका अशाच एका रिकाम्या जागेवर पडतो. म्हणजे 'व' गेला, 'ऱ' गेला आणि पाय मोडायची वेळ आली तिथे प्रोग्रामचाच पाय मोडला. चुकांकडे दुर्लक्ष कर असे मी त्याला घाईघाईने सांगितले, तर पडदा डोक्यावर तिरप्या रेघा घेतलेल्या रोमन अक्षरांनी भरला. सर बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, 'हे फ्रेंच होय काय बाप्पा?'

तो दोष दुरुस्त झाला. चूक माझीही होती. पण इथून माझे लक्ष मूळ प्रश्नावरून उडाले आणि दुसऱ्याच प्रश्नावर बसले. कोणती भाषा सगळीकडे चालते हे विचारण्याआधी विचारायला हवे होते, की ही भाषा अक्षर कशाला म्हणते?

'वऱ्हाड' हाच शब्द घ्या. यात अक्षरे किती, असे पाचवीतल्या मुलाला विचारा. तो तीन म्हणेल: व, ऱ्हा, ड. सी ही भाषा १९७० च्या दशकातली. तिला लांबी विचारली तर ती साठवणुकीतले तुकडे मोजते आणि अठरा सांगते. पायथनची दुसरी आवृत्तीही साध्या शब्दाला अठराच म्हणे. २००८ च्या डिसेंबरात तिसरी आवृत्ती आली, ती सहा म्हणते, कारण ती युनिकोडमधली चिन्हे मोजते: व, ऱ, हलन्त, ह, काना, ड. जावा आणि जावास्क्रिप्टही सहाच म्हणतात. ॲपलची स्विफ्ट २०१४ साली आली. माणसाला जे एक वाटते ते एक मोजायचे, असा तिचा बाणा. तरीही ती बराच काळ चार म्हणत राहिली, कारण युनिकोडच्या त्या वेळच्या नियमाने हलन्तानंतर तुकडा पडत असे. देवनागरी जोडाक्षर तोडू नये, हा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत आला, सप्टेंबर २०२३ मध्ये. त्या नियमाने मोजले तर तीन. पाचवीतल्या मुलाच्या उत्तरापर्यंत पोहोचायला एवढा वेळ लागला.

आणि हे 'वऱ्हाड' एका पद्धतीने टंकले तर. दुसरीही पद्धत आहे. काही कळफलक स्वतंत्र 'ऱ' देतात; काही साधा 'र', हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्हींतून तोच बोटभर रफार उमटतो. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द: एक सहा चिन्हांचा, एक सात चिन्हांचा. विद्यार्थ्यांच्या फोनांवर निरनिराळे कळफलक होते. परिणाम असा, की सर 'पऱ्हाटी' शोधत आणि ती सापडत नसे. 'गोऱ्हा' सापडत नसे, 'कुऱ्हाड' सापडत नसे. कपाशीच्या मुलखातल्या बोलीचा कोश, आणि त्यात पऱ्हाटी नाही! सरांनी कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. कार्ड होते, नोंद होती, फक्त शोधणारा आणि शोधला जाणारा शब्द एकमेकांना ओळखत नव्हते.

जोडचिन्ह दिसत नाही म्हणून ते अनावश्यक समजणारेही प्रोग्राम आहेत. मजकूर 'स्वच्छ' करण्याच्या नावाखाली ते अदृश्य चिन्हे झाडून टाकतात. मग दऱ्यांचा दर्या होतो आणि लग्नघरच्या आचाऱ्यांना दिलेली बिदागी आचार्यांना जाऊन पोहोचते. हे उदाहरण आपण शुद्धलेखनाच्या तासाला हसत हसत देतो. ते छापील कोशात कायमचे बसले तर हसू येणार नाही.

वर्णानुक्रमाचेही तेच. भाषेला नुसते 'क्रमाने लाव' म्हटले तर ती युनिकोडच्या तक्त्यातल्या क्रमांकांनी लावते. तक्त्यात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे; आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. 'ॲ' हे अक्षर तक्त्यात उशिरा, २००८ साली आले आणि मागच्या बाकावर बसले, म्हणून ॲसिड हे हौसेच्याही पलीकडे जाते. 'क्ष' ला 'क' च्या पोटात घालायचे की शेवटी वेगळे बसवायचे, हा कोशकाराने विचारपूर्वक घ्यायचा निर्णय. इथे तो कुणीच घेतलेला नसतो, तरी घेतला गेलेला असतो.

अक्षर दाखवण्याची तऱ्हा तिसरीच. पायथनसोबत येणारे खिडक्या काढायचे जुने साधन अक्षरे जुळवण्याचे काम त्या त्या संगणकावर सोपवते. विंडोजवर 'पऱ्हाटी' नीट दिसे. माझ्या लिनक्सवर जोडाक्षरे सुटी होत आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन उभी राही. देवनागरी, अरबी यांसारख्या लिप्यांची अक्षरे योग्य आकारात जुळवणे ही वेगळीच विद्या आहे, आणि तिच्यासाठी हार्फबझ नावाचे एक मुक्त साधन आहे. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड यांत तेच राबते. त्याचे नाव फारसीवरून आले आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडे. ज्यांना ही अडचण स्वतःच्या लिपीत भोगावी लागली त्यांच्याकडून हे नाव आले, याचे मला नवल वाटले नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याला हे सगळे ऐकवले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, 'मॅडम, या प्रत्येक गोष्टीला लायब्ररी आहे. भाषेचा दोष नाही. तुम्ही ती वापरली नाहीत एवढेच.' त्याचे म्हणणे खरे आहे. मराठी क्रमाने शब्द लावणारी साधने आहेत, अक्षरे माणसासारखी मोजणारी आहेत, ती बहुतेक भाषांतून वापरता येतात, आणि व्यवसायाने हे काम करणारा माणूस माझ्यासारखा दोन वर्षे चाचपडला नसता. पण समीक्षेने आपल्याला एक सवय लावली आहे: संहिता काय सांगते याइतकेच ती काय गृहीत धरते तेही पाहायचे. एखादी भाषा मागितल्यावर काय देते यावरून तिची ताकद कळते. न मागता काय करते यावरून तिच्यापुढे कोण बसलेला आहे असे ती समजते, ते कळते. इंग्रजी मजकुरासाठी लांबी मोजणारा, क्रम लावणारा आणि फाइल उघडणारा नवशिक्या काहीही न शिकता बरोबर ठरतो. मराठीसाठी तोच नवशिक्या काहीही न शिकता चूक ठरतो, आणि चूक झाली हे त्याला कळतही नाही, कारण त्याच्या पडद्यावर सारे ठीक दिसत असते. 'कुठेही चालवा' मधले 'कुठेही' हे यंत्रांविषयी होते. लिप्यांविषयी ते कधी नव्हतेच.

आणि लायब्ररी असली तरी एक काम ती करत नाही. 'ऱ' च्या दोन लेखनांपैकी कोश कोणते मानणार हे तिने माझ्यासाठी ठरवले नाही. नुक्ता दिलेला 'र' आणि 'ऱ' एकच, एवढे युनिकोड स्वतः सांगते. जोडचिन्हाच्या रूपाबद्दल मात्र ते असे काही म्हणत नाही. तो नियम मलाच लिहावा लागला. ती पाठनिश्चिती होती. हस्तलिखितांतले पाठभेद समोर ठेवून संपादक जे करतो त्याहून ते वेगळे नव्हते, आणि ते करायला लागणारे शिक्षण मला संगणकाच्या पुस्तकांनी दिलेले नव्हते. म्हणून माझे मत असे, की संगणकाविषयी मराठी विभागांतले शिक्षण टंकलेखन आणि फॉन्टबदल यांपाशी थांबता कामा नये. 'अक्षर म्हणजे काय' हे व्याकरणाच्या तासाला दरवर्षी शिकवणारे आपण, आणि त्याचे उत्तर एखादी तांत्रिक समिती देते तेव्हा ते ऐकायलाही आपण तिथे नसतो.

शेवटी मी कशात लिहिले? जावास्क्रिप्टमध्ये. हे सांगताना मला अजूनही जरा ओशाळल्यासारखे होते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली दहा दिवसांत पहिला आराखडा उभा केलेली ही भाषा. नाव जावाचे, ते तेव्हाच्या लोकप्रियतेचा वारा पकडण्यासाठी. आणि घोषणा जावाने द्यावी, ती खरी मात्र हिने करावी. सरांचा विंडोज, माझा लिनक्स, विद्यार्थ्यांचे फोन, मुलीचा मॅक, चारही ठिकाणी ब्राउझर होताच. (मध्यंतरी त्याला 'न्याहाळक' म्हणण्याची चळवळ होती, शब्द मला आवडत असे, रुजला नाही.) ब्राउझर जोडाक्षरे नीट जुळवतो, मराठी क्रम मागितला तर देतो, आणि माणसासारखी अक्षरे मोजण्याची सोयही आता त्यात आहे, फायरफॉक्समध्ये ती आली २०२४ मध्ये. एकच फाइल, ती उघडली की काम सुरू. भाषा म्हणून मला ती आवडत नाही. तिच्यात गणित करताना मजकूर आणि आकडा यांची जी सरमिसळ होते, तिने माझे दोन रविवार खाल्ले.

एक गोष्ट मात्र मी तिच्या हाती दिली नाही. शब्द वेगळ्या साध्या मजकुराच्या फाइलीत आहेत, एका ओळीत एक कार्ड, मधे नुसते टॅब. उद्या दुसऱ्या कुणाला दुसऱ्या भाषेत हे सगळे नव्याने लिहावेसे वाटले तर त्याला माझ्या प्रोग्रामची एकही ओळ वाचावी लागू नये. छपाईचे अजून जमलेले नाही. ब्राउझरमधून छापताना समास हलतात आणि सरांना ते खपत नाही.

अकरापैकी सहा खोकी झाली आहेत. गेल्या महिन्यात सरांकडे गेले होते. त्यांनी चष्मा पुसला, एका बोटाने सावकाश 'पऱ्हाटी' टंकले आणि थांबले. तीन नोंदी आल्या. पहिल्या दोन त्यांनी मान हलवत वाचल्या. तिसरीवर बोट ठेवून म्हणाले, 'या कार्डात गावाचं नाव चुकलं पोरी.' मी खोक्यातून मूळ कार्ड काढून पाहिले. चूक कार्डातच होती, त्यांच्या हातची, शाईत. त्यांनी पेन मागितले आणि आधी कार्ड दुरुस्त केले.